डॅनियल सरांचे सहा हजार, वानखडे सरांचे साडेसहा कोटी

ज्याला दगड गोळा करायची सवय लागते, त्याच्या घरात ते कसे वाढत जातात हे त्याचं त्यालाही कळत नाही. एक खिशातून येतो, एक गाडीच्या डिकीतून येतो, आणि एक दिवस घरचे विचारतात की हे कपाट नेमकं कपड्यांसाठी घेतलं होतं ना! किस्स्यांचं माझ्याकडे तसंच झालं. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मी आधी भूगर्भशास्त्र शिकले, मग त्याच विभागात शिकवायला लागले. एकही किस्सा मी मुद्दाम जपून ठेवला नाही. पण आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी रस्त्यातल्या खड्ड्याचा फोटो टाकतं, खाली लिहितं, 'दोघं सर आठवले', आणि मग दिवसभर कुणाचं कामात लक्ष लागत नाही.

हे दोघं म्हणजे वानखडे सर आणि डॅनियल सर.

वानखडे सर आमचे विभागप्रमुख. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून घरात एकच शिकवण, तपासून पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही. डॅनियल सर त्यांच्यापेक्षा लहान. मिशनच्या शाळेत शिकलेले, आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबलच्या गोष्टी सांगणारे. त्यांचा पक्का विश्वास होता की पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे आणि तिच्यावरचे सगळे थर बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयात एका झटक्यात बसले आहेत. मग हा माणूस या विषयाकडे आला कसा? मी एकदा विचारलंच.

"देवाचं काम पाहाले मिळते," ते म्हणाले, "अन् वरून पगारबी मिळते!"

वऱ्हाडात कुठेही खणा, खाली काळा दगड लागतो. थंड झालेला लाव्हा. वानखडे सर म्हणायचे, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. डॅनियल सर म्हणायचे, सहा हजारांच्या आतला. वाद एवढाच, आणि तो दोघांची नोकरी संपेपर्यंत पुरला. वानखडे सरांची एकच इच्छा होती, डॅनियलनं एकदा तरी 'कोटी' म्हणावं, मनापासून. डॅनियल सरांचीही एकच होती, सरांनी एकदा तरी 'सहा हजार' म्हणावं, मनापासून नसलं तरी चालेल!

*

वर्गात मात्र डॅनियल सर अभ्यासक्रम सोडून एक शब्द बोलायचे नाहीत. साडेसहा कोटी फळ्यावर लिहायचे, शून्यं मोजून लिहायचे. तास संपत आला की मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न यायचा, "सर, तुमाले काय वाटते?"

सर खडू खाली ठेवायचे. हात झटकायचे. खडू हातात असेपर्यंत विद्यापीठ बोलतंय आणि खडू खाली ठेवला की डॅनियल बोलतोय, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं.

"मले इचारान तं सहा हजार वर्षं," ते शांतपणे म्हणायचे. "पण पेपरात लिहू नका."

आणि खडू पुन्हा हातात!

एका वर्षी चांदूर रेल्वेहून रोज गाडीनं येणारी एक मुलगी होती. फार सज्जन, कुणाचं मन न दुखवणारी. चाचणी परीक्षेत तिनं काळ्या दगडाचं वय लिहिलं, तीन कोटी पंचवीस लाख तीन हजार वर्षं. खाली टीप लिहिली, 'दोन्ही सर आदरणीय असल्यामुळे सरासरी काढली आहे.'

वानखडे सरांनी तो पेपर स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवला आणि शून्य दिलं.

"अर्धा मार्क तं द्या सर," डॅनियल सर म्हणाले, "अर्धं उत्तर तुमचंच हाय."

ती मुलगी आज बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. दोन खातेदारांचं भांडण झालं की तिलाच बोलावतात म्हणे.

*

मग पुण्याहून एक नवे प्राचार्य आले. त्यांना डॅनियल सरांच्या सहा हजारांची गोष्ट कुणीतरी कानात सांगितली. त्यांनी वानखडे सरांना केबिनमध्ये बोलावलं, सोबत मलाही. "जो माणूस हे मानतच नाही, तो मुलांना शिकवणार काय?" त्यांनी विचारलं. प्रश्न गमतीचा नव्हता. डॅनियल सर तेव्हा अजून कायम झालेले नव्हते.

वानखडे सर खुर्चीवर न बसताच म्हणाले, "सर, मले पटते, म्हणून मी साडेसहा कोटी एका मिनिटात सांगून मोकळा होतो. त्याले पटत नाही, म्हणून तो एकेक पुरावा उलटापालटा करून पोट्ट्याइले दाखवते. आता तुमीच ठरवा, कोणाच्या वर्गात बसाचं ते."

प्राचार्य खरंच डॅनियल सरांच्या वर्गात जाऊन बसले. पूर्ण तास बसले. बाहेर आले ते घाम पुसत.

"अहो, काय सुंदर शिकवतात! मलासुद्धा पटलं! मग त्यांना स्वतःला का पटत नाही?"

"तेच तं मी इतक्या वर्षांपासून इचारून राहिलो!" वानखडे सर म्हणाले.

*

आमच्या धंद्यातल्या माणसाला एक खोड असते. जमीन एरवी झाकलेली असते. कुणी विहीर खणली, घराचा पाया खणला, की आतले थर आयतेच उघडे पडतात. त्यामुळे खड्डा दिसला की आमचे पाय थांबतात. या दोघांची तर स्कूटरच थांबायची. डॅनियल सर खड्ड्यात डोकावून ठरलेला प्रश्न टाकायचे, "सांगा सर, हा थर किती वर्षांचा?" वानखडे सर आकडा सांगायचे. आणि डॅनियल सर मान हलवून म्हणायचे, "चार शून्य जास्त झाले सर!"

एकदा आम्ही तिघं अकोल्याला लग्नाला निघालो होतो. वानखडे सर पांढऱ्या सफारीत, डॅनियल सर कोटात, मी ठेवणीतल्या पैठणीत. जठारपेठेत एका घरासमोर शौचालयाच्या टाकीसाठी खड्डा खणलेला दिसला. झालं! गाडी बाजूला लागली, आणि मी काही म्हणायच्या आत दोघं आत उतरलेही.

"गोल गोटे!" डॅनियल सर खालून ओरडले. "पाण्यानं घासलेले! पूर!"

"नदीचा पूर!" वानखडे सर.

"पण पूर तं हाय न!"

आरडाओरडा ऐकून घरमालक बनियनवरच धावत आला. सफारी पाहिली, कोट पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. नगरपालिकेची माणसं, दुसरं कोण असणार!

"साहेब, टाकी दोन फूट आत घेतो! नोटीस नका पाठवू!"

"टाकी राहू द्या हो," वानखडे सर वैतागून म्हणाले आणि त्यांनी एक गोटा त्याच्यासमोर धरला. "हे पाहा. तुमाले काय वाटते, हा किती जुना असन?"

मालकानं हात जोडले. "साहेब, तुमी म्हणान तेवढा!"

*

एका उन्हाळ्यात डॅनियल सरांना मुतखडा झाला. आमच्याकडचं ऊन आणि सरांची पाणी न पिण्याची सवय, दुसरं काय होणार! आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो तर सर पलंगावर बसलेले, चेहऱ्यावर वेदना कमी आणि विजय जास्त. उशाशी छोटी डबी. डबीत खडा.

"पाहा सर," त्यांनी डबी पुढे केली. "डॉक्टर म्हणते, सहा महिन्याआधीच्या सोनोग्राफीत हा नव्हता. म्हणजे माझ्या डोळ्यासमोर, माझ्या पोटात तयार झाला! दगडाले कोटी वर्षं लागत नाहीत, हे शिद्ध झालं!"

वानखडे सरांनी हात पुढे केला. त्यांनी डबी उजेडात धरली, खिशातलं भिंग काढलं, खडा नीट पाहिला.

"नमुना चांगला हाय," ते म्हणाले. "म्युझियममधी ठेवू. लेबल लिहू, वय सहा महिने, सापडण्याचं ठिकाण डॅनियल!"

शेजारच्या पलंगावरचा पेशंट इतका हसला की त्याच्या टाक्यांना त्रास होईल म्हणून नर्सनं आम्हाला बाहेर काढलं.

*

वादात आपल्या बाजूनं कुणीतरी बोलावं असं डॅनियल सरांना फार वाटायचं. ते त्यांना एकदाच मिळालं, तेही वरूडहून परतताना एसटीत. संत्र्याच्या बागांमधल्या विहिरींची पाणीपातळी पाहून आम्ही निघालो होतो. बागवानानं दिलेली संत्री पिशवीत होती आणि वाद नेहमीचा सुरू होता. पुढच्या सीटवरचे गंध लावलेले एक आजोबा कान देऊन ऐकत होते. शेवटी ते मागे वळले.

"हे साहेब बरोबर सांगून राहिले," ते डॅनियल सरांकडे बोट दाखवून म्हणाले. "प्रलय झालता. सारी दुनिया बुडाली. एकच नाव वाचली."

डॅनियल सरांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! ते उठून आजोबांच्या शेजारी जाऊन बसले.

"मनूची नाव," आजोबा पुढे म्हणाले. "देवानं माशाचं रूप घेतलं अन् नाव ओढून नेली."

"मनूची नाही आजोबा. नोहाची. अन् मासा नव्हता, तारू होतं."

"मासा नाही तं मंग नाव ओढली कोणं?"

"ओढाची गरजच नव्हती! ते तरंगत होतं!"

"अशी कशी आपोआप तरंगन, बाप्पा!"

मोर्शी गेलं तरी दोघांचा आवाज उतरला नाही. कंडक्टरही मध्ये पडला. वानखडे सर तेवढ्या वेळात खिडकीशी बसून एकामागून एक संत्रं सोलत होते. अखेर त्यांनी दोघांच्या हातात एकेक फोड ठेवली.

"तुमी दोघं आधी ठरवून घ्या, नाव कोणाची होती," ते म्हणाले. "एकमत झालं की मले सांगा, मी प्रलय मान्य करतो!"

*

हा किस्सा हसण्याचा आहे, पण तेव्हा आम्हाला कुणालाच हसू आलं नव्हतं.

चर्चमधल्या काही मंडळींना कळलं की आपले डॅनियल सर कॉलेजात कोटी कोटी वर्षं शिकवतात. त्यांनी चर्चच्या पंचांकडे तक्रार केली. असा माणूस आपल्या लेकरांना संडे स्कूलमध्ये काय शिकवेल? पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, निरोप पाठवला की निर्णय होईपर्यंत रविवारच्या वर्गाला येऊ नका. त्या दिवशी डॅनियल सरांनी डबा उघडलाच नाही. त्या लेकरांवर त्यांचा फार जीव होता. नोकरी गेली असती तरी त्यांनी इतकं मनाला लावून घेतलं नसतं.

पंचांच्या बैठकीला वानखडे सर न बोलावता गेले. मला म्हणाले, "तू चाल सोबत. मी जास्त बोललो तं शर्ट ओढजो." आम्ही मागच्या बाकावर बसलो. सगळ्यांचं बोलून झाल्यावर सर उभे राहिले.

"मी वानखडे. मी देव मानत नाही, तुमचाबी नाही अन् दुसऱ्या कोणाचाबी नाही," त्यांनी सुरुवात केली. मी शर्ट ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला. "पण ह्या माणसाले मी रोज बिघडवाचा प्रयत्न करून राहिलो. डोंगर दाखवले, नद्या दाखवल्या, पुस्तकं देल्ली. सहा हजाराचे सहा हजार एक नाही झाले! माझ्यासारख्यानं इतके वर्षं डोकं फोडून जो बिघडला नाही, तो तुमच्या लेकराइले काय बिघडवन?"

मग पाळकसाहेबांनाच हसू आवरेना. पुढच्या रविवारी डॅनियल सर पुन्हा वर्गावर होते.

बैठकीनंतर डॅनियल सर अंगणात रुमालानं डोळे पुसत उभे होते. वानखडे सरांनी चर्चच्या काळ्या दगडी भिंतीवर टिचकी मारली.

"पाह्यलं काय डॅनियल? तुमचं चर्चच साडेसहा कोटीवर उभं हाय!"

डॅनियल सरांनी रुमाल खिशात ठेवला. "चार शून्य जास्त झाले सर," ते म्हणाले, आणि मग कुठे त्यांचा आवाज नीट झाला.

*

सालबर्डीच्या सहलीचा किस्सा तर मी कधीच विसरले नाही. मोर्शीच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी ही जागा. इथे काळ्या दगडाच्या खाली त्याहून जुने थर उघडे पडलेले दिसतात, म्हणून दरवर्षी मुलांना घेऊन जायचो. त्या वर्षी नाल्यातल्या शेवाळावर वानखडे सरांचा पाय घसरला आणि घोटा असा मुरगळला की उभं राहता येईना. बस दूर, मध्ये सगळे दगडगोटे. डॅनियल सरांनी एका शब्दानंही न विचारता सरांना पाठीवर घेतलं. मागे मी, माझ्यामागे हातोड्या आणि नमुन्यांच्या थैल्या घेतलेली मुलं.

अर्ध्या वाटेवर डॅनियल सर थांबले. धापा टाकत म्हणाले, "सर, आता सहा हजार म्हणा. नाहीतं इथंच ठेवतो."

"ठेव!" पाठीवरून आवाज आला.

त्यांनी खरंच ठेवलं! एका खडकावर. दोघं पाणी प्याले. वानखडे सरांचा पाय सुजून टम्म झाला होता आणि दुखण्यानं कपाळावर घाम आला होता.

"एकदा म्हणा न सर," डॅनियल सर अजिजीनं म्हणाले. "खोटं खोटं म्हणा. मी कोणालेच सांगत नाही."

"तू नाही सांगत रे," वानखडे सर म्हणाले, "पण मले तं माहीत राहीन ना!"

डॅनियल सरांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. मग पुन्हा पाठ वाकवली. "बसा," ते म्हणाले. मला वाटतं, एकमेकांवर इतके खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

*

डॅनियल सर गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. दोघं केव्हाच निवृत्त झाले होते, तरी सकाळचा चहा एकाच टपरीवर घ्यायचे आणि महानगरपालिकेनं रस्ता खणला की काठ्या टेकत तिथे हजर व्हायचे.

दफनभूमीत माणसं खूप होती. त्यांच्या जुन्या संडे स्कूलची लेकरंच इतकी, की त्यातल्या काहींचे केस पांढरे झालेले. आमची चांदूर रेल्वेची मुलगीही आली होती. वानखडे सर काठी टेकत आले आणि नेमके कबरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. खोदलेली जागा. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, आणि तळाशी पहारीनं फोडलेला काळा दगड. सरांची नजर त्या थरांवरून वरून खाली गेली. मी मनात म्हटलं, सर, आज नको.

मग ते सवयीनं डावीकडे वळले. खड्ड्यापाशी डॅनियल सर नेहमी त्यांच्या डावीकडे उभे राहायचे. तिथे कुणी नव्हतं. सर तसेच मान वळवून उभे राहिले.

रूथ ते पाहत होती. रूथ म्हणजे डॅनियल सरांची मुलगी. आमच्याच विभागात दोघांच्या हाताखाली शिकली, आता अकोल्याला भूजलाचं काम करते. आईचा हात सोडून ती पुढे आली आणि वानखडे सरांच्या डावीकडे जाऊन उभी राहिली. खड्ड्यात पाहिलं. तिनं विचारलं,

"सांगा काका, हा खालचा थर किती वर्षांचा?"

पाळकसाहेबांनी पुस्तकात बोट घालून पुस्तक मिटलं. वानखडे सरांनी काठी उचलली आणि तळाच्या काळ्या दगडावर रोखली.

"सहा हजार," ते म्हणाले.

रूथनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ओंजळीत तोंड लपवलं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पण पेपरात लिहू नको."